मध्यांतरानंतर बसून राहिलेली कासवीण

एका जंगलात तंबूतला सिनेमा आला होता, त्याची ही गोष्ट. नीट मांडी घालून बसा. ए मागच्या रांगेतल्या बाळा, अजून एकच वाक्य झालंय, इतक्यात नाक मुरडू नकोस. गोष्ट आवडली की नाही ते शेवटी विचारीन. वाटलं तर विचारीन.

तर बाळांनो, त्या जंगलात झिपरूशेठ नावाचं एक अस्वल होतं. सागाच्या झाडांमध्ये त्याने कापडाचा मोठा तंबू ठोकला होता. आत पडदा, खडखडणारं यंत्र आणि बसायला गवत. दर आठवड्याला नवा सिनेमा यायचा. प्रत्येक सिनेमाचे दोन डबे असायचे. पहिल्या डब्यात मध्यांतरापर्यंतचा भाग, दुसऱ्यात पुढचा.

सिंहमहाराज स्वतः सिनेमा बघत नसत. दुपारी त्यांचा डोळा लागायचा. पण प्रजेला काय वाटतं हे राजाला कळायला नको का? म्हणून त्यांनी फर्मान काढलं. सिनेमा बघून बाहेर पडताना प्रत्येकाने दाराजवळच्या बाभळीच्या काट्याला एक पान टोचायचं. आवडला तर हिरवं, नाही आवडला तर सुकं. सुकी पानं जास्त भरली की ते डबे वाळवीला खायला घालायचे. आणि सगळ्यात आधी जो पान टोचेल, त्याने आठवडाभर पाणवठ्यावरच्या सपाट दगडावर बसायचं. पाणी प्यायला येईल त्याने आधी त्याचं मत ऐकायचं, मग पाण्याला तोंड लावायचं.

फर्मान तसं बरं होतं. सगळा घोटाळा केला तो त्या दगडाने.

दगडावर बसायला कोणाला नको असतं? पहिल्या वर्षी सगळे सिनेमा संपल्यावर उठत. मग एकदा ससा शेवटची मारामारी चालू असतानाच उठला आणि त्याने दगड पटकावला. पुढच्या आठवड्यात माकड शेवटच्या गाण्यालाच पळालं. असं होता होता अख्खं जंगल मध्यांतराला उठायला लागलं. बाहेर बाभळीपाशी ही झुंबड! शिंगात शिंग, शेपटीवर पाय. आणि एकदा पान टोचून झाल्यावर परत आत कोण येतंय? झिपरूशेठ रिकाम्या तंबूकडे बघायचा, एक सुस्कारा टाकायचा आणि यंत्र बंद करायचा.

पाणवठ्यावर मतं मात्र काय एकेक! ऐकत राहावं.

‘झुडपामागे कोण’ नावाचा भुताचा सिनेमा आला. ससा म्हणाला, "यात घाबरण्यासारखं काय आहे? आमच्याकडे रोज हेच चालू असतं." वाघ म्हणाला, "मला तर विनोदी वाटला. झुडपामागे कोण, हा काय प्रश्न झाला?"

‘डरकाळी दोनदा’ हा हाणामारीचा. मोर म्हणाला, "मारामाऱ्या ठीक आहेत, पण एकालाही पिसारा नाही. मग बघायचं काय?"

‘चिखलातलं चांदणं’ हा प्रेमाचा. म्हशींना चिखल आवडला, नायक आवडला नाही. नायक फार धुतलेला होता म्हणे. ‘सासूचं शेपूट’ बघून तरस पोट धरधरून हसला, पण तरसाच्या हसण्याला भाव नव्हता. तो भुताच्या सिनेमालाही तेवढाच हसला होता. मगरीचंही तसंच. ती शीर्षकालाच रडायला घ्यायची.

आणि या सगळ्यांच्या वर कोल्हेसर. कोल्हेसरांनी सलग नऊ आठवडे दगड सोडला नव्हता. ते तंबूत दाराला शेपूट लावूनच बसायचे.

आता आपली चिमाक्का.

चिमाक्का ही कासवीण. वय विचारू नका, तिलाही माहीत नव्हतं. ती पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसायची आणि मान आत ओढून, कवचातूनच डोळे लावून सिनेमा बघायची. मध्यांतराला बाकीचे धावत सुटायचे, तेव्हा तिची मान नुकती बाहेर येत असायची. "अरे, थांब रे, पुढचं लाव," असं तिने म्हणेपर्यंत झिपरूशेठ यंत्र झाकून घरी गेलेला असायचा. त्याचा तरी काय दोष? त्याला वाटायचं, पहिल्या रांगेत एक दगड आहे. दोनदा तो तिच्यावर बसून जेवलासुद्धा होता.

चिमाक्काने कधी तक्रार केली नाही. भुताच्या सिनेमाचा शेवट नाही कळला, ठीक आहे. सासूच्या शेपटीचं पुढे काय झालं, होईना का काहीही. ती आपली घरी जायची.

पण मग ‘आईची हाक, पुराचा धाक’ आला.

त्यात एक हत्तीण होती. पुरात तिचं पिल्लू वाहून जातं. पलीकडच्या काठाला म्हशींच्या कळपाला ते सापडतं आणि तिथेच वाढतं. आपणही म्हैसच आहोत अशी त्याची पक्की समजूत. हत्तीण बारा वर्षं नदीकाठाने शोधत फिरते. शेवटी एका डबक्यापाशी येते. डबक्यात म्हशी लोळतायत, आणि त्यांच्यात एक जरा जास्तच मोठी म्हैस. हत्तीण थांबते. सोंड उचलते. वास घेते. आणि...

मध्यांतर!

सगळे पळाले. यंत्र बंद झालं. चिमाक्का जागच्या जागी बसून राहिली.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. कासवांच्यात लेकराबाळांची गाठ पडत नाही. आईने वाळूत अंडी घालायची, वर वाळू सारायची आणि निघून जायचं. रीतच तशी. चिमाक्काने नदीच्या वाळवंटात शंभरेक अंडी घातली होती. त्यातली किती फुटली, किती घारींनी नेली, किती पाण्यापर्यंत पोचली, तिला काहीच माहीत नव्हतं. आजवर तिने मनाला लावूनही घेतलं नव्हतं. पण ती सोंड वर गेली आणि चिमाक्काला ती वाळू आठवली. ओळखलं का तिने? त्याने ओळखलं का?

चालत चालत ती दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोचली. कोल्हेसर दगडावर होतेच.

"भिकार सिनेमा!" कोल्हेसर सांगत होते. "मी तर म्हणतो, फसवणूक आहे. आई आणि मुलगा भेटतच नाहीत. सिनेमाला शेवटच नाही!"

"शेवटच नाही!" सगळे म्हणाले.

"अहो कोल्हेसर," चिमाक्का म्हणाली, "शेवट दुसऱ्या डब्यात असेल ना."

"आक्का, ज्याला पहिल्या डब्यात शेवट करता येत नाही, तो दुसऱ्यात काय दिवे लावणार?"

सगळ्यांना हे फार पटलं. बगळ्याने बाभळीवरची पानं मोजली. सुकी जास्त. सकाळी डबे वाळवीला जाणार असं ठरलं.

चिमाक्का तशीच वळली आणि तंबूकडे निघाली. ससा ते अंतर चार उड्यांत जातो. चिमाक्का संध्याकाळी निघाली ती उजाडल्यावर पोचली. वाटेत ती स्वतःशीच बडबडत होती, "खाऊ नका गं बायांनो, जरा थांबा. एवढं एक बघू द्या."

तंबूत शिरली तर वाळवी आलेली. लांबच लांब रांग, आणि पहिला डबा फस्त!

चिमाक्का मटकन बसली. म्हणजे बसलेलीच होती, पण तिने पायही आत घेतले.

"खाल्लात?" ती म्हणाली. "सगळं खाल्लात?"

वाळवीची मुकादमीण पुढे आली. "नाही हो आक्का. आम्ही क्रमाने खातो. आधी पहिला डबा, मग दुसरा. अधूनमधून खाल्लं की काही चव लागत नाही."

बाळांनो, त्या जंगलात कुठलाही सिनेमा शेवटपर्यंत संपवणारी एक वाळवीच होती, हे लक्षात ठेवा.

तेवढ्यात झिपरूशेठ आला. पहिल्या रांगेतला दगड बोलतोय हे बघून त्याची बोबडी वळली.

"अरे झिपरू, मी चिमाक्का. सहा वर्षं इथेच बसते. मला दुसरा डबा दाखव."

"अगं बाई! आक्का, तुम्ही होतात होय? आणि मी आपला तुमच्यावर बसून भाकरी..." त्याने दोन्ही कान धरले. मग त्याने दुसरा डबा उचलला. डब्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. झिपरूशेठने गाठ चाचपून बघितली. "आक्का, खरं सांगू? यात काय आहे ते मलाही माहीत नाही. हल्ली दुसरा डबा कोणी मागतच नाही हो."

"मग सोड गाठ."

वाळवीची मुकादमीण म्हणाली, "आम्ही थांबतो. पहिला डबा खाल्लाय, पुढे काय झालं ते आम्हालाही कळू दे."

अंधार व्हावा म्हणून तंबूची कनात खाली सोडली. यंत्र खडखडलं.

हत्तीण डबक्याकाठी उभी होती. सोंड वर. तिने ओळखलं. पिल्लाने नाही ओळखलं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हशीसारखं रेकून दाखवलं. हत्तिणीने हाक मारली नाही. ती मुकाट्याने डबक्यात उतरली आणि त्याच्या शेजारी चिखलात लोळली. मग म्हशींचा एक नाच झाला. तो उगाच होता आणि संपता संपेना. संध्याकाळी कळप निघाला. पिल्लूही निघालं. वळणावर ते थांबलं, मागे बघितलं, आणि त्याने कान एकदा हलवला. म्हशींना तसा हलवता येत नाही, तसा. मग ते गेलं. पडदा पांढरा झाला.

झिपरूशेठ डोळे पुसत होता. चिमाक्का खूप रडली. तिला बरं वाटत होतं की वाईट, हेच तिला कळेना.

वाळवीने दुसरा डबा खाल्ला नाही. "पोट भरलं," मुकादमीण म्हणाली.

अंधार पडता पडता चिमाक्का पाणवठ्यावर पोचली. बातमी तिच्या आधीच पोचलेली, यात काही विशेष नाही. चिमाक्काने अख्खा सिनेमा बघितला! सगळ्या जंगलाने तिला उचलून सपाट दगडावर ठेवलं. कोल्हेसरांना खाली उतरावं लागलं.

"आक्का, बोला! मत सांगा!"

चिमाक्काने विचार केला. तिचा विचार होईपर्यंत दोन म्हशी पाणी पिऊन गेल्या.

"बरा होता," ती म्हणाली.

सगळे आणखी पुढे सरकले.

"बरा म्हणजे? हिरवं की सुकं?"

"नाच लांबला. पण कान हलवला ना त्याने, तेव्हा मला रडू आलं. का ते नाही सांगता येत. मला अजून जरा त्याच्याबद्दल गप्प बसायचंय."

आणि तिने पान पुढे केलं. ते देठाकडे हिरवं आणि टोकाला सुकलेलं होतं.

काय गोंधळ उडाला म्हणता! माकड ओरडलं, "असलं पान चालत नाही!" मोर म्हणाला, "यांना ठामपणे काही म्हणायचंच नाही." मगर सवयीप्रमाणे रडली. शेवट काय झाला, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

कोल्हेसर पुढे आले. "मंडळी, या बाईंनी काय केलंय कळतंय का? आपण सगळे आपल्या डोक्याने मत देतो. यांनी सिनेमा पूर्ण बघून मत दिलंय! परीक्षेत पुस्तक उघडून पेपर लिहिण्यासारखं आहे हे! ही कॉपी आहे, कॉपी!"

"कॉपी! कॉपी!" अख्खं जंगल ओरडलं.

प्रकरण सिंहमहाराजांकडे गेलं. महाराज नुकतेच झोपेतून उठले होते. त्यांनी जांभई दिली आणि निकाल दिला. चिमाक्काचा पान टोचण्याचा हक्क रद्द. शिवाय अद्दल घडावी म्हणून शिक्षा : यापुढे प्रत्येक सिनेमा तिने तंबूत बसून शेवटपर्यंत बघायचा, एकही सोडायचा नाही.

"महाराज, फार कडक होतंय," वाघ हळूच म्हणाला.

चिमाक्काने मान आत ओढून घेतली. सगळ्यांना वाटलं, बिचारी खचली. ती आत हसत होती.

त्यानंतर जंगलाची फारच प्रगती झाली. सगळे आधी शीर्षकाला उठायला लागले, मग तिकिटाच्या रांगेतूनच परत फिरायला लागले. आता झिपरूशेठ नुसतं पोस्टर चिकटवतो. चिकटवण्याआधी त्याच्या हातात गुंडाळी दिसली तरी कोल्हेसरांचं पान टोचून झालेलं असतं. बाभळीवर हिरवी-सुकी पानं भरतात, पाणवठ्यावर भांडणं होतात, सगळे आनंदाने घरी जातात. सुकी पानं जास्त भरली की वाळवी ठरल्याप्रमाणे येते, पण आता ती सिनेमा संपल्यावर जेवते.

आणि तंबूत खेळ चालू होतो. पहिल्या रांगेत चिमाक्का, मागे वाळवीची रांग, यंत्रापाशी झिपरूशेठ.

परवाच्या खेळाला पहिल्या रांगेत, चिमाक्कापासून हातभर अंतरावर, आणखी एक दगड होता. लहानसा. मध्यांतर झालं. दगड उठला नाही. झिपरूशेठने दुसरा डबा हातात घेतला, तशी त्या दगडातून हळूहळू एक मान बाहेर आली. कोवळी मान, आणि कवचावर अजून नदीची वाळू चिकटलेली.

चिमाक्काने त्याच्याकडे बघितलं. कुठल्या वाळूतला, कोणाचा, काही काही विचारलं नाही. जरा त्याच्या बाजूला सरकली. तिला सरकायला बराच वेळ लागला.

"पुढचं बघायचंय?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "सगळं."

"लाव रे झिपरू," चिमाक्का म्हणाली.

तात्पर्य : सिनेमा शेवटपर्यंत कधीही बघू नये. त्याने चांगलं घट्ट मत बिघडतं, आणि शेजारी कोण बसलंय तेही दिसायला लागतं. ज्यांना मत जपायचं आहे त्यांनी पोस्टरपाशीच थांबावं.

आणि मागच्या रांगेतल्या बाळा, आता हात खाली घे. तू गोष्ट पूर्ण ऐकलीस. तुझं मत आता धरता येणार नाही.