टोपीतले तीन दिवे

गजेंद्रनं तिन्ही रिमोटांचं पोट फाडलं शनिवारी, आणि बोभाटा झाला रविवारी, नेमका त्याच्या वाढदिवसाला.

एक रिमोट टीव्हीचा, एक सेटटॉप बॉक्सचा, एक एसीचा. रिमोटच्या तोंडाशी इवलासा बल्ब असतो ना, ज्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो, तो त्यानं तिन्हींतून उपटला. झाकणं परत लावली, मुडदे टीव्हीखाली जागच्या जागी मांडून ठेवले, आणि ते तीन बल्ब एका जुन्या निळ्या टोपीवर बसवले. टोपीच्या मागे दोन सेलांची डबी. समोर मॉनिटरवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर आईच्या लग्नाच्या निगेटिव्हचा शेवटचा काळाकुट्ट तुकडा. म्हणजे कॅमेऱ्याला बाकी घरदार काहीच दिसायला नको, दिसायला हवेत फक्त ते तीन ठिपके. डोकं वळलं की ठिपके वळणार, आणि ठिपके वळले की कॉम्प्युटरमधल्या फायटर विमानातली नजर वळणार. विकतची टोपी परवडत नव्हती, ही फुकटात झाली.

आणि टोपी लागतच होती! कारण चार वाजता परीक्षा. अकोल्याचा श्रेयस ऑनलाइन लढाऊ विमानांची एक तुकडी चालवायचा. तिच्यात घुसायचं तर त्याच्याशी एकट्यानं लढायचं, वीस मिनिटांत त्याला पाडायचं. तीनच संधी. गजेंद्रच्या दोन वाया गेल्या होत्या, आणि तिसऱ्यांदा हरलेल्याला श्रेयस तोंडसुद्धा दाखवू देत नसे. अख्ख्या उन्हाळ्यात गजेंद्रनं दुसरं काही केलं नव्हतं. कॉलेजातल्या सगळ्यांना सांगून बसला होता, आपलं झालंच समजा म्हणून.

तर दुपारी दोनला मोर्शीहून खुशालमामा आले. संत्र्याचा बगिचा सोडून मामा सहसा हलत नाहीत, पण भाच्याचा वाढदिवस. आल्या आल्या त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला.

"मॅच लाव रे गजू. हे काहून लागून नाही राह्यलं?"

"रिमोट बिघडला असन मामा."

मामांनी रिमोट तळहातावर आपटला, मग मांडीवर, मग सोफ्याच्या लाकडावर. मग एसीचा उचलला. बाहेर पंचेचाळीस डिग्री तापत होतं.

"हाही मेला? तुमच्या घरात काय साथ आली काय बे रिमोटायले?"

"सेल गेले असतीन," गजेंद्र बोलून गेला आणि त्याला वाटलं, काय झकास सुटलो!

"मंग नवे आण ना."

"आज रविवार हाय मामा. दुकानं बंद."

शहरात, राजापेठेसारख्या भर बाजारात रविवारी दुकानं बंद! पण मामा मोर्शीचे, त्यांनी मान डोलावली आणि कुलरसमोर बनियन वर करून बसले. मग त्यांचं लक्ष टोपीकडे गेलं.

"हे काय घालून राह्यला?"

"विमानाची टोपी हाय. मी जिकडं पाहीन तिकडं माह्या मिसाइलचं डोकं वळते. त्याले गरम इंजिन दिसलं का कानात गुरगुर होते. गुरगुर झाली का बटन दाबायचं. खल्लास!"

"अन् रडार? विमानाले रडार असते ना?"

"असते. पण श्रेयसभाऊ लय हुशार. तो आडवा होते. समोरून जवळ येणारं, नाही तं दूर जाणारं विमान रडार पकडते. एकदम आडवं चाललं तं त्याले वाटते, ही जमीनच हाय."

मामा विचारात पडले. "आमच्या बगिच्यात रात्री झाडं खायले येणारा रोही आडवा उभा राह्यला का अख्खा दिसते. उलट समोरून आला तं नुसतं तोंड दिसते. तुह्या रडारपरीस माहा टॉर्च बरा."

"म्हणूनच तं टोपी पाह्यजे मामा! डोळ्यानं हुडकायचा, मिसाइलनं धरायचा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. कौशल्याबाईंच्या हाताला कणीक होती.

"गजू, साडेचारच्या आत ओवाळून घेते तुले. मंग राहुकाळ लागते."

"आई, चारले माही परीक्षा हाय वं! अन् तिथीनं परत ओवाळतच असतं ना तू? दरसाल दोनदोनदा. मी काय लहान हाय? तारखेचं राहू दे ना."

"तारखेचं वेगळं, तिथीचं वेगळं. तू हालू नको, मी येऊन ओवाळीन. तुह्या विमानाले माहा काय तरास?"

गजेंद्र वैतागून आंघोळीला गेला. टोपी सोफ्यावर. एवढीच चूक झाली बिचाऱ्याची.

चारला पाच मिनिटं कमी असताना तो खोलीत शिरला. पडदे ओढले, दार लोटलं, टोपी चढवली, हेडफोन लावले.

"आला का बे?" कानात श्रेयस. "आज तरी पाच मिनिटं टिक. मांगच्या वेळी मी चहा ठेवला होता, उकळायच्या आधी तू पडला."

"या भाऊ तुमी. आज पाहा."

विमानं उडाली. वीस मैलांवर रडारवर श्रेयसचा ठिपका दिसला, गजेंद्रनं तो धरला, आणि ठिपका गायब! झाला आडवा. हरकत नाही. गजेंद्रनं ऐटीत मान उजवीकडे वळवली.

पडद्यावरची नजर ढिम्म.

डावीकडे वळवली. ढिम्म. वर, खाली, मानेला झटके दिले, टोपीवर चापट मारली. विमानातला गजेंद्र नाकासमोर बघत आपला सरळ चाललेला, एखादा सज्जन माणूस बँकेत चालल्यासारखा. बल्ब चालू की बंद हे बघावं, तर तो उजेड डोळ्यांना दिसतच नाही. आणि टोपी काढून बघायला हातच नव्हता मोकळा. एक स्टिकवर, एक थ्रॉटलवर.

"कुठं पाहून राह्यला बे गज्या?" श्रेयस हसत होता. "मी तुह्या बाजूले हावो."

"दिसले! दिसले तुमी!" गजेंद्र खोटंच ओरडला. विमान वेडंवाकडं फिरवत राहिला. एक क्षेपणास्त्र कसंबसं चुकवलं, दुसरं अगदी शेपटीजवळून गेलं. कशीबशी पंधरा मिनिटं काढली. सोळावं लागलं, आणि दार उघडलं.

"गजू, चार सोळा झाले."

"आई, नको! आता नको! पाया पडतो!"

"हो, पड. पण ओवाळल्यावर."

त्या घरची रीत अशी की ताटात कणकेचे तीन दिवे. एक देवाच्या नावाचा, एक घराच्या, एक पोराच्या. आई मॉनिटरच्या बाजूनं वाकली, ताट पोराच्या तोंडासमोर आणलं आणि ओवाळायला लागली.

अंधारी खोली. इतका वेळ काहीच न दिसलेला कॅमेरा. आणि समोर तीन ठसठशीत, गरम ठिपके; ज्योतीतही तोच न दिसणारा उजेड असतो!

पडद्यावरची नजर एकदम जिवंत झाली. ताट डावीकडे, नजर डावीकडे. ताट वर, नजर आभाळात. गजेंद्रला गरगरलं, आपण बघतोय की आपल्याला कोणी बघायला लावतंय हेच कळेना. ताट उजवीकडे गेलं, नजर थेट उजव्या खांद्यावर, आणि तिथं, पाचशे मीटरवर, श्रेयस! शांतपणे गजेंद्रच्या मागे सरकत होता. कानात गुर्रर्र!

गजेंद्रनं बटन दाबलं.

श्रेयसच्या विमानाचा आगीचा गोळा झाला. मग श्रेयसचा आवाज, हसू पार उतरलेला.

"मले... मले धरलं कसं बे तू? मी तुह्या खांद्यामांगं होतो. अन् ते डोकं काय फिरवत होता, गोल गोल? एका चकरीत अख्खं आभाळ पाह्यलं तू! तीन वर्षांत मले असं कोणी पाडलं नाही."

"प्रॅक्टिस केली भाऊ," गजेंद्रच्या तोंडून निघालं. आईनं त्याच्या कपाळावर कुंकू लावलं, तोंडात पेढा कोंबला.

"घेतला तुले. येत्या रविवारी चारले ये. सगळ्यायसमोर हेच करून दाखव. पोट्ट्यायले शिकू दे."

"होवून जाईन भाऊ!" पेढ्यातूनच गजेंद्र बोलला, आणि उडी मारून उठला.

दारात मामा उभे होते. एका हातात टीव्हीचा रिमोट, दुसऱ्या हातात दोन सेल. एका सेलावर गजेंद्रनं स्वतः चिकटवलेली लाल पट्टी.

"भाचेबुवा, हे सेल तं नवे वाटतात. टोपीतून काढले मी, तू अंगधुणीत होता तवा. तरी मॅच लागत नाही. म्हणून मंग रिमोट उघडला." मामांनी रिमोटचं झाकण वर केलं. "याचं तोंडच नाही जागेवर. कोणं नेलं असन?"

गजेंद्रनं टोपीला हात लावला. मामांनी टोपीकडं पाहिलं. आईनं दोघांकडं पाहिलं.

"उद्या सकाळी तिन्ही बल्ब जिथल्या तिथं," आई म्हणाली. "अन् ती काळी फीत कशाची हाय रे?"

गजेंद्रनं पटकन पाय धरले. वाकल्या वाकल्याच त्याच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. बल्ब गेले म्हणजे टोपी गेली. येता रविवार. चार वाजता. सगळ्यांसमोर. गोल गोल.

"आई," तो पायापासूनच म्हणाला, आवाजात लोणी, "माहा तिथीचा वाढदिवस कधी येते वं?"

आईनं डोळे बारीक केले. "तूच म्हणत होता ना, दोनदा नको?"

"तसं नाही वं. रीत हाय आपली. रीत मोडू नये."

आई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, बोट फिरवत फिरवत एका चौकोनावर थांबली. "शुक्रवारी."

गजेंद्रचा चेहरा पडला. मग त्यानं मामांकडं बघितलं, फार प्रेमानं.

"मामा, तुमची जन्मतारीख कोणती हो?"