मेलेल्या गायीचं तळं

वल्ह्याची छोटी कयाक चिखलात बसली तेव्हा अर्लन पीत्रेच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला, तो सासूच्या ऐंशीव्या वाढदिवसाला शोभणारा मुळीच नव्हता. पहाटे उत्तरेचा वारा सुटला होता. असा वारा सुटला की लुइझियानातल्या खाजणांमधलं पाणी समुद्राकडे धूम ठोकतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अर्लनलाही होतं. पण गवताच्या कडेने तांबड्या माशांची शेपटं पाण्याबाहेर डुलायला लागली की त्याची अक्कल गहाण पडायची. चार मासे बर्फाच्या पेटीत पडेपर्यंत त्याने खाली बघितलंच नाही. बघितलं तेव्हा वल्हं पाण्यात नाही, चिखलात घुसत होतं.

उतरून चालत जावं, तर तो चिखल माणसाला कमरेपर्यंत गिळणारा. बसून राहावं, तर संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अख्खं गाव जेवायला येणार. "बाजारचा मासा आणलात तर मी ताटावर बसणार नाही! कालवणाला मासा माझा!" अशी फुशारकी त्याने सगळ्यांसमोर मारून ठेवली होती.

खरं तर एक हाक मारली असती तरी भागलं असतं. समोरच सासूचं घर होतं. पण हाक मारली की जागा फुटणार! ही जागा त्याने वर्षानुवर्षं बायकोपासूनसुद्धा लपवली होती. दर शनिवारी तो कयाक गाडीवर चढवायचा, गावातल्या दुकानासमोर मुद्दाम हॉर्न वाजवत पश्चिमेला जायचा, लांबचा वळसा घालून परत यायचा आणि सासूच्या परसामागच्या चरातून गुपचूप आत शिरायचा. कुणी विचारलं की ठोकून द्यायचा, "मेलेल्या गायीच्या तळ्यावर होतो." त्या तळ्यात बेडूकही राहत नसावा, अशी त्याची खात्री होती. मेव्हणा डॅल्टनकडे मोठी होडी होती, मोठं इंजिन होतं आणि त्याहून मोठं तोंड होतं. त्याच्याकडे नसलेली एकच गोष्ट अर्लनकडे होती, ती म्हणजे ही जागा.

फोन वाजला. बायको, ओडील.

"कुठे तडमडलायस? कांदा परतून झाला, टोमॅटो शिजले, मासा कुठाय?"

"येतो गं. पाणी उतरलंय, जरा अडकलोय."

"अडकलास? कुठे?"

इथे शहाण्या माणसाने खरं सांगितलं असतं. "मेलेल्या गायीच्या तळ्यावर," अर्लन म्हणाला. जिभेला वळणच तसं पडलं होतं.

"हलू नकोस. डॅल्टनला पाठवते."

"अगं, डॅल्टनला कशाला..." पण फोन बंद झाला होता.

थोड्या वेळाने डॅल्टनची चिखलातून चालणारी होडी घरघरत पश्चिमेला गेल्याचं ऐकू आलं. अर्लन तोंडावर टोपी घेऊन कयाकमध्ये आडवा झाला. पाणी परत येईल, आपण सटकू. सासूची त्याला धास्ती नव्हती. आपल्याला लांबचं दिसत नाही, असं क्लोटीलबाई स्वतःच गावभर सांगत असत.

मग डॅल्टनचा फोन आला. "दाजी! कुठं आहात तुम्ही?"

"इथेच... गवतामागे."

"गवतामागे असा नाहीतर ढगात असा, तुमचे पाय धरले पाहिजेत! पाणी उतरलंय आणि सगळा मासा मधल्या डोहात गोळा झालाय. गळ टाकायचा अवकाश, की लागलाच!"

अर्लन ताडकन उठून बसला. "मेलेल्या गायीच्या तळ्यात?"

"मग! आम्हीच येडे. म्हटलं, खरी जागा कोण सांगतो? दाजी म्हणतात तिथे काहीच नसणार. सगळं खाजण पालथं घातलं, पण इथे कुणी फिरकलं नाही. आणि तुम्ही बिचारे इतकी वर्षं खरं बोलत होता!"

अर्लनला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात ओडीलचा पुन्हा फोन आला आणि ती खरोखरच रडत होती.

"अर्लन, तू डॅल्टनला सापडत नाहीयेस. चिखलात कुणाचा तरी बूट सापडलाय. मी शेरीफला कळवतेय. तू जिवंत आहेस ना?"

"फोनवर बोलतोय म्हणजे असणारच ना!"

"मग खरं सांग, कुठे आहेस?"

ओडीलचं रडणं अर्लनला सोसत नसे. जागा गेली खड्ड्यात, असं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि समोर चिखलात काहीतरी बदकन येऊन पडलं. कोळंबीची डोकी होती. मागच्या पायरीवर रिकामं घमेलं घेऊन क्लोटीलबाई उभ्या होत्या.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. अर्लनने ठेवला.

"तुम्हाला मी दिसतो?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रोज दिसतोस. दिसत नाही म्हटलं की लोक निवांत लपतात, बघायला मजा येते. आणि मी ही डोकी टाकत नसते, तर मासे काय तुझं तोंड बघायला इथे येतात?"

इतकी वर्षं वारा, चंद्र आणि भरती-ओहोटी यांचा अभ्यास केलेला अर्लन कोळंबीच्या डोक्यांकडे बघत राहिला. बाईंनी आपला फोन काढला. "ओडील, रडणं बंद कर. तुझा नवरा माझ्या मागच्या खोलीत घोरत पडलाय. गळ घरीच विसरला, म्हणून तोंड लपवून बसलाय. मासेबिसे काही नाहीत."

"गळ विसरला?" अर्लन कळवळला. "अहो, गाव काय म्हणेल?"

"तुला जागा पाहिजे की अब्रू? दोन्ही मिळायला वाढदिवस तुझा नाहीये."

अर्लनने जागा घेतली.

क्लोटीलबाईंनी नवऱ्याच्या वेळचं फेकायचं जाळं आणलं, कमरेत वळून भिरकावलं आणि जावई नेमका मधोमध सापडला. जाळ्याची दोरी गवत कापायच्या ट्रॅक्टरला बांधून त्यांनी त्याला कयाकसकट परसात ओढलं. चारही मासे त्यांच्या फ्रीजमध्ये गेले.

संध्याकाळी डॅल्टनच्या माशांचं कालवण झालं. "अर्लन, चमचा आणलास की तोही विसरलास?" असं प्रत्येकाने विचारलं. डॅल्टनने तर पेला उंचावून, "आजचा दिवस सोडला, तर खाजणातला एकमेव खरं बोलणारा माणूस!" असं जाहीर करून टाकलं. अर्लन खाली मान घालून जेवला. कालवण फार चांगलं झालं होतं, याचा त्याला जास्त राग आला.

पुढच्या शनिवारी सगळं गाव मेलेल्या गायीच्या तळ्यावर लोटलं. पाणी भरून आलं होतं आणि बेडूकसुद्धा मिळाला नाही. दुपारपर्यंत अर्लन पुन्हा खोटारडा ठरला.

तेव्हा तो सासूच्या परसामागे दोन माणसांच्या कयाकमध्ये मागे बसून वल्हं मारत होता. पुढे क्लोटीलबाई होत्या. "डावीकडे घे. हळू. श्वाससुद्धा हळू घे." शेपटं डुलत होती. गळ एकच होता, आणि तो त्यांच्या हातात होता.

"मला पण एक आणू द्यायचात," अर्लन कुरकुरला.

"कशाला?" त्या मागे न बघता म्हणाल्या. "तू विसरतोस."