सेतुराव पोरुत्तम पाहतात

सेतुराव लॅपटॉप घ्यायला जात नाहीत, पाहायला जातात. मुलगी पाहायला जावं तसे. धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळाला गंध, खांद्यावर घडी घातलेला पंचा आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह. दुकानदारानं खुर्ची दिली की बसतात, कॉफी दिली की घेतात, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतात. मग दोरा गळ्यातून काढून म्हणतात, "बरं, आता हिला एकदा उठवून दाखवा."

उठवायचं म्हणजे त्या पेनड्राइव्हवरचं लिनक्स दुकानातल्या कोऱ्या लॅपटॉपवर चालू करायचं. आतलं काही बदलत नाही, आणि वायफाय, आवाज, कॅमेरा लिनक्सला ओळख देतात की नाही ते पैसे मोजण्याआधी कळतं. ही रीत बरोबर आहे. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून खात्रीनं सांगते. फक्त त्या रीतीत गंध आणि वेष्टी कुठं सांगितलेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सेतुरावांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कंगवा असतो आणि त्यांच्या डोक्यावर केस म्हणावा असा एकही नाही. याबद्दल मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "असूं दे की मा," एवढंच म्हणाले. 'मा' म्हणजे इकडचं 'पोरी'.

मी तंजावुरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. गाव माझं जत तालुक्यातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. जागा बघायला आले त्या दिवशी सेतुराव घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसले होते. मी मराठी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पण भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला.

"लिनक्स येतें?"

"एम.एस्सी. कॉम्प्युटर आहे मी. पहिल्या वर्गात."

"तें असो. तुझ्या लॅपटॉपांत वायफायची चिप कोणती?"

"बघावं लागेल."

"ठाऊक नाहीं? अय्यो! गोत्रासारखी असते ती मा."

"मामा, मला गोत्रही ठाऊक नाही. आमच्यात कुणी विचारत नाही. आजवर काही अडलं नाही."

सेतुराव पोट हलेपर्यंत हसले आणि आतून किल्ली घेऊन आले.

त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या काळात इथं आले. निघताना बरोबर घेतलेली मराठी या लोकांनी अजून बदललेली नाही, फक्त वाटेत मिळेल तेवढं तमिळ तिच्यात चढवून घेतलं. ती घरात बोलतात. लिहायला, वाचायला तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी सेतुरावांना वाचता येत नाही. म्हणूनच मी हे सगळं इतक्या मोकळेपणी लिहिते आहे.

टेलिफोन खात्यातून इंजिनियर म्हणून ते निवृत्त झाले. पत्नी गेल्या. त्यानंतर उरलेली सगळी माया त्यांनी पोरुत्तमावर लावली. लग्नाच्या पत्रिका जुळतात, त्याला तमिळमध्ये पोरुत्तम म्हणतात. सेतुरावांच्या मते माणसांचं पोरुत्तम पाहण्यात अर्थ नाही, ती कशीही नांदतात. यंत्राचं मात्र पाहिलंच पाहिजे. वायफाय हे गोत्र. आवाज ही नाडी. आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो की नाही, हा स्वभाव. "मिटलें, उघडलें, कीं तोंड फुगवून बसते का, तें पाहा. तसली घरांत आणूं नये."

नव्या मॉडेलवर त्यांचा राग आहे. "नवें मॉडेल म्हणजे नवा जावई. वरीसभर त्याचें कोणी कांहीं सांगूं शकत नाहीं." दोन वर्षं जुनं मॉडेल घ्यावं, जगभरच्या लोकांनी त्याच्या खोडी शोधून औषधं लिहून ठेवलेली असतात, असा त्यांचा सल्ला असतो. सल्ला बरोबर असतो. तो कुणी मागितलेला नसतो, एवढंच.

शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी त्यांना न विचारता प्रिंटर आणला. सेतुराव पंचा खांद्यावर टाकून त्यांच्याकडं गेले आणि दुखवट्याला बसावं तसे बसले. बराच वेळ प्रिंटरकडं पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "घेण्यापूर्वी एक शब्द टाकला असता तर." हेडमास्तरांकडं लिनक्स नव्हतंच. प्रिंटर झकास चालत होता. पण त्या दिवसापासून हेडमास्तरांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

तिरुवैयारुला एका लग्नात तर मीच साक्षीला होते. मुलीच्या बापानं कौतुकानं सांगितलं, की पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवली, दहाच्या दहा पोरुत्तमं आली. सेतुरावांनी विचारलं, "कुठला कॉम्प्युटर?" बापडा ज्योतिषी मांडवातच होता आणि त्याची पिशवीही. पुढचं सांगत नाही. नवरा-नवरी सुखात आहेत. ज्योतिष्याचा लॅपटॉप नापास झाला.

एवढं हसून झाल्यावर अक्कांबद्दल सांगायला हवं.

अक्का म्हणजे सेतुरावांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा सेतुरावांना अक्कांनीच वाढवलं. हल्ली त्या बंगळूरला मुलाकडं, रघूकडं असतात. वयाबरोबर त्यांची आठवण विरत गेली. आधी इंग्रजी गेलं, मग इतकी वर्षं बोललेलं तमिळ गेलं. आता उरली आहे ती फक्त लहानपणची तंजावुरी मराठी. रघूला ती समजते, पण उत्तर देता येत नाही. सुनेला समजतही नाही. त्यामुळं भरल्या घरात अक्कांशी त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीच नाही. बोलतात ते फक्त सेतुराव, रोज दिवेलागणीला, लॅपटॉपवरून.

पूर्वी रघूनं आईसाठी एक टॅबलेट आणला होता. एका संध्याकाळी त्याच्यावर पाटी आली: नवी आवृत्ती आता घ्यायची की नंतर? अक्का त्या पाटीला हात जोडून "मज ठाऊक नाहीं हो, मज ठाऊक नाहीं" म्हणत बसल्या. रडायला लागल्या. आपल्या हातून काहीतरी चुकलं आणि कुणीतरी जाब विचारतंय, असं त्यांना वाटलं. त्यानंतर सेतुराव स्वतः बंगळूरला गेले आणि एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून असं काही बसवून आले, की कळ दाबली की समोर सेतुराव. दुसरं काहीही नाही. "मशीननें माणसास प्रश्न विचारूं नये," हे त्यांचं आवडतं वाक्य तेव्हापासूनचं.

तर तो लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात मेला. रघूनं फोनवर बोलणं करून दिलं, पण फोनमधला एवढासा माणूस अक्कांना ओळखू येईना. त्या फोन दूर ढकलायच्या. रोज दिवेलागणीला सेतुराव सवयीनं टेबलाशी बसत आणि समोरच्या भिंतीकडं पाहत कॉफी पीत. रघू रविवारी इथून जवळच पापनाशमला शेताच्या कामासाठी येणार होता. त्याच्या हाती चालता लॅपटॉप द्यायचा, म्हणजे पाहायचा कार्यक्रम शनिवारीच उरकायला हवा होता. सेतुरावांनी मला बरोबर घेतलं. "वराकडून कोणी तरी बाईमाणूस असावें," असं कारण दिलं.

स्टेशनच्या रस्त्यावर सेल्वमचं दुकान आहे. सेतुराव दिसले की सेल्वम आधी देवाच्या तसबिरीकडं बघतो. पण त्यानं खुर्ची दिली, कॉफी मागवली.

पहिला लॅपटॉप पेनड्राइव्हवरून उठेचना. सेटिंग बदलल्यावर उठला तर वायफाय नाही. दुसऱ्याचा पडदा सुरेख, आवाज मुका. सेल्वमनं काचेच्या कपाटातून तिसरा काढला, अगदी नवा, पातळ, चकचकीत. उठला. वायफाय आलं, आवाज आला, मिटला, उघडला, जागा झाला. सेल्वमनं कपाळावरचा घाम पुसला. सेतुरावांनी कॅमेरा लावला. काळा पडदा.

"सार, जग फिरून या, याच्याहून चांगलं स्थळ मिळणार नाही," सेल्वम म्हणाला.

"डोळा नाहीं," सेतुराव मला म्हणाले.

"मामा, आवाज येतोय ना? अक्कांशी बोलता तर येईल. कॅमेऱ्याचं नंतर बघू, दुसरा बाहेरून लावता येतो."

"वायर लोंबेल. अक्का ओढील. मज तें नको."

"अहो, उद्या रघू जाणार. भाषा तर पोचेल ना? चेहरा महत्त्वाचा की बोलणं?"

सेतुराव माझ्याकडं असं पाहू लागले, जणू पुन्हा एकदा चिप कोणती ते मला सांगता आलं नव्हतं. "दिसलें पाहिजे मा," ते म्हणाले. एवढंच. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि परत आला.

मला राग आला होता. या माणसाला बहिणीपेक्षा स्वतःचा हट्ट प्यारा आहे, असं स्पष्ट वाटलं, आणि मी ते दुकानात मराठीतून स्पष्ट बोललेसुद्धा. सेतुराव उठले, आणि माझी समजूत झाली की आपण निघालो. पण ते निघाले नव्हते. त्यांचे डोळे बिलाच्या टेबलावर खिळले होते.

तिथं सेल्वमचा स्वतःचा लॅपटॉप होता. जुना, जाड, झाकणावर दसऱ्याच्या आयुधपूजेचं वाळलेलं चंदन-कुंकू, एका कोपऱ्याला कॉफीचा डाग.

"ही?" सेतुरावांनी विचारलं.

"सार, ती विकायची नाही. ती घरातली आहे."

"नुसती उठवून दाखवा."

"सार, तिच्यावर माझी बिलं आहेत!"

"बिलांना हात लागत नाही. हा बघा, बाहेरून उठतो," सेतुरावांनी पेनड्राइव्ह दाखवला. सेल्वमनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? सेतुराव म्हणत होते ते खरं होतं.

पेनड्राइव्ह लागला. लॅपटॉप कुरकुरत उठला. वायफाय आलं. आवाज आला. मग कॅमेऱ्याशेजारी एक बारीक हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर सेतुरावांचं गंध लावलेलं टक्कल उगवलं, अगदी स्वच्छ, मागं तसबिरीतल्या देवासकट. सेतुरावांनी लगेच झाकण मिटलं, उघडलं. टक्कल पुन्हा उगवलं.

"दहाही जुळतात," ते हळूच म्हणाले.

सेल्वम डोकं धरून बसला. "सार, मी ही दिली तर वर्षभर माझ्याकडं स्थळ बघायला येणार नाही म्हणून शब्द द्या."

"दिला." हा शब्द सेतुरावांनी दिवाळीच्या आत मोडला. पण सेल्वमनं त्या दिवशी बिलं दुसरीकडं उतरवून घेतली आणि लॅपटॉप पिशवीत घालून दिला. झाकणावरचं कुंकू पुसायला निघाला, तर सेतुरावांनी त्याचा हात धरला.

सोमवारी दिवेलागणीला मी कॉलेजातून परत आले. खालच्या खोलीचं दार उघडं होतं. सेतुराव टेबलाशी बसले होते, अंघोळ करून, ताजं गंध लावून. भांडण माझ्या डोक्यात अजून होतं, म्हणून मी आत गेले नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. तिथून पडदा दिसत होता.

पडद्यावर अक्का आल्या. लहानशा, पांढऱ्या केसांच्या. बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. सेतुरावांनी जेवलीस का म्हणून विचारलं. उत्तर नाही. मी कोण, ओळखलंस का, असं मात्र सेतुरावांनी विचारलं नाही. तसला प्रश्न अक्कांना विचारायचाच नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. दिवसभर बडबडणारा हा माणूस हात मांडीवर ठेवून, कॅमेऱ्याकडं चेहरा करून, गप्प बसून राहिला.

मग अक्का पुढं वाकल्या. त्यांचा चेहरा पडदाभर झाला.

"सेतू," त्या दरडावून म्हणाल्या, "शाळेस असा जातोस? डोस्कें विंचर आधी."

"विंचरतों, अक्का."

सेतुरावांनी खिशातून कंगवा काढला आणि कपाळापासून मानेपर्यंत, त्या गुळगुळीत डोक्यावरून, नीट, सावकाश फिरवला. अक्का डोळे बारीक करून बघत होत्या.

"भांग वांकडा गेला रे."

सेतुरावांनी भांग मोडला आणि पुन्हा काढला.