क्षची किंमत, दोन-तृतीयांश बहुमताने

नेरूळच्या ‘खाडीकिनारा’ सहकारी गृहनिर्माण संस्थेने रविवारी क्षची किंमत ठरवण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. याआधीच्या विशेष सभा लिफ्ट आणि कबुतरं यांच्यावर झाल्या होत्या; बीजगणितावर ही पहिलीच. याला कारण झाली चौथ्या मजल्यावरची शायमा मुकादम, अकरावी सायन्स.

संस्थेच्या हॉलमध्ये कुंदन सरांचा क्लास चालतो. सकाळच्या बॅचला सर स्वतः शिकवतात, संध्याकाळच्या बॅचला सरांचा व्हिडिओ शिकवतो. सकाळी एकच जागा उरली होती आणि ती शायमाला जिवापाड हवी होती, कारण व्हिडिओला शंका विचारता येत नाही. निवड चाचणीत प्रश्न आला: क्षचा दोन-तृतीयांश घात बरोबर चार, तर क्ष किती? शायमाने लिहिलं, आठ किंवा वजा आठ. उत्तरतालिकेत नुसतंच आठ होतं. गुण गेला, त्यामागोमाग जागाही गेली.

शायमाची आई मरियम लेकीला घेऊन सरांकडे गेली.

“सर, पडताळा बघा ना,” शायमा म्हणाली. “वजा आठचं घनमूळ वजा दोन. वजा दोनचा वर्ग चार. बरोबर येतंय.”

सरांनी पडताळा पाहिला. तो बरोबर होता, त्यामुळे सर गंभीर झाले.

“मॅडम, मॅथ्सचा प्रॉब्लेम नाय. प्रॉब्लेम पॉलिसीचा आहे. क्लासचा बोर्ड वाचला ना? ‘बी पॉझिटिव्ह’. आता मीच निगेटिव्ह उत्तराला मार्क दिला, तर बाकीच्या पेरेंट्सना काय तोंड दाखवू? आणि तालिका छापून झालीय.”

उत्तर बरोबर असून तालिकेत नसणं ही धोरणात्मक बाब असल्याने प्रकरण चेअरमन सिताराम भोईर यांच्याकडे गेलं. आज जिथे हा सेक्टर आहे, तिथे एकेकाळी भोईरांच्या वडिलांची भातशेती होती. त्यामुळे इथल्या कुठल्याही प्रश्नावर शेवटचा शब्द आपलाच, अशी भोईरांची समजूत आहे आणि ती दूर करायची कुणाची छाती नाही. त्यांनी प्रश्न दोनदा वाचला आणि बोट नेमकं घातांकावर ठेवलं.

“ह्ये काय लिवलंय? दोन-तृतीयांश! मंग सोप्पं हाय. सोसायटीत दोन-तृतीयांश कशाला लागतात? ठरावाला. घ्या मतदान.”

अशी ती सभा भरली. गणसंख्येअभावी ती अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून नियमानुसार वैध ठरली.

शायमा उभी राहिली. “या समीकरणाला दोन मुळं आहेत.”

“मूळ?” भोईर भडकले. “इथले मूळ म्हंजे आमी! ह्यो वजा आठ कवा आला?”

“शिवाय वजा आठ म्हणजे बेसमेंटच्याही खाली सात मजले,” सेक्रेटरी गीतांजलीबाई म्हणाल्या. “तेवढ्या मजल्यांची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आपल्याकडे नाहीये.”

हा मुद्दा बिनतोड होता. शायमा फळ्यावर करून दाखवायला निघाली, तेव्हा गीतांजलीबाईंनी तिला नियमावर बोट ठेवून खाली बसवलं. विषयपत्रिकेवर उत्तर होतं, गणित नव्हतं.

हात वर झाले. वजा आठ पडला. ‘क्ष बरोबर आठच’ या ठरावाच्या विरोधात एकट्या मरियमचा हात होता. शायमानेही हात वर केला होता, पण ती सभासद नसल्याने तो मोजला गेला नाही.

जिंकल्यावर भोईर एकदम विरघळले. “पोर हुशार हाय सर. तिला आनखी एक चान्स द्या.”

सरांनी सगळ्यांसमोर फेरपरीक्षा घेतली. प्रश्न एकच: क्षचा एक-द्वितीयांश घात, म्हणजे वर्गमूळ, बरोबर वजा तीन. शायमाने काहीतरी लिहिलं, खोडलं. मग तिने दोन्ही बाजूंचा वर्ग केला. क्ष बरोबर नऊ. एकुलतं एक, पॉझिटिव्ह आणि तालिकेबरहुकूम. पैकीच्या पैकी! टाळ्या झाल्या, भोईरांनी पेढे मागवले आणि शायमाला सकाळची जागा मिळाली.

लिफ्टमध्ये मरियमने विचारलं, “पडताळा केलास ना गं?”

“केला ना अम्मी. नऊचं वर्गमूळ तीन येतं. वजा तीन येतच नाय. त्या गणिताला उत्तरच नव्हतं.”

“मग नऊ का लिहिलंस?”

“आधी ‘उत्तर नाही’ असंच लिहिलेलं. मग खोडलं.”

मरियमच्या हातातला पेढा हातातच राहिला. ज्या जागेवर बसून शंका विचारता येतात ती जागा लेकीला मिळाली होती, आणि लेकीला आता कसलीच शंका उरली नव्हती. मरियमला फार वाईट वाटलं.

सभेच्या इतिवृत्तात यातलं काही नाही. तिथे एवढंच आहे: ‘क्ष बरोबर नऊ हे उत्तर सर्वांपुढे ठेवण्यात आले. पडताळ्याची मागणी कोणीही केली नाही.’ मघाशी ते उत्तर, वाचकहो, आपल्याही पुढे आलं होतं. आपण मान डोलावलीत आणि पेढ्यांकडे वळलात. सूचक: सिताराम भोईर. अनुमोदक: आपण. ठराव सर्वानुमते मंजूर.