जाताय का येताय?

दगडूमामा नाकेदारांसमोर निघताना कुणी "येतो" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"येतो? जाताय का येताय? नीट सांगा!"

आमच्या उमापूरच्या पुढे, ओढ्याकाठी, सरकारचा नाका होता. अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजी मुलूख. "जातो" असं कबूल केल्याशिवाय मामा रस्त्यावरचा आडवा बांबू उचलत नसत. आता आपल्याकडे घर सोडताना "जाते" कोण म्हणतं? एक म्हातारी तर गाडीतच मांडी ठोकून बसली.

"मुडद्या, जाते म्हनू? माज्या नातवंडांनी वाट बगायची न्हाई व्हय?"

"बगू द्या की. पर सरकारला कळाया नगं का, मानूस बाहीर चाललं का आत आलं?"

"बरं, जाऊन येते."

"एक काय ते बोला. दोन कामं एका येळंला इंग्रजाला बी जमत न्हाईत."

म्हातारी खाली उतरली आणि लुगडं सावरत बांबूखालून, ओढ्यातून चालत गेली. बाकी कुणी हट्टाने "येतो"च म्हणालं, तर मामांचा पुढचा सवाल तयार असे: "कवा?"

मला मात्र मामांचं पटायचं. मी नगरला इंग्रजी शाळेत होते. एकदा निघताना बाईंना इंग्रजीत "मी येते" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून "जाते" म्हणायला मला काहीच वाटेना. म्हणून की काय, माझी गाडी नाक्यावर कधी खोळंबली नाही.

मग नगरकडे प्लेगची साथ आली. शाळा बंद झाली. शेवगावला मला सोनबाची बैलगाडी मिळाली, तिच्यात मामांची गया होती. इंग्रजी मुलखात दिलेली, माहेरी निघालेली. मामी केव्हाच वारल्या होत्या. मामांना ही एकच लेक. वाटेत तिचं अंग तापू लागलं.

सरकारचा नवा हुकूम कडक होता. पलीकडून येणाऱ्याने मुदत भरेपर्यंत नाक्यावरच्या झोपडीत राहायचं, आणि ताप असेल त्याला आल्या पावली परत. परत म्हणजे साथीतच.

आम्हां दोघींना झोपडीत बसवलं; तिच्याभोवती दोरी बांधली होती. मामा दोरीबाहेरून मला म्हणाले, "ताई, तिच्या कपाळाला हात लावून सांग. खोटं बोलू नगंस."

मी हात लावला. कपाळ भाजत होतं. मी खाली बघत राहिले. मामांना कळलं.

ते सोनबाकडे वळले. "हिला माघारी न्यायची व्हती. पर तुज्या गाडीचं चाक मोडलंय."

सोनबाने वाकून दोन्ही चाकं पाहिली. "कुठं मोडलंय, मामा? चांगलं हाय की."

"गप बे! नाकेदार तू का मी? सरकार म्हन्तंय मोडलंय, तर मोडलंय."

सोनबाने मुकाट्याने बैल सोडले.

अंधार पडेपर्यंत मामा दोरीपाशी बसून होते. पलीकडे जाणारे लोक "येतो", "येतो" म्हणत बांबू स्वतःच उचलून गेले. मामांनी कुणाला हटकलं नाही.

सकाळी गयाचं कपाळ घामाने ओलं होतं, आणि गार.

"मामा, उतरला!" माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

मामांनी पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं, मग ओरडले, "सोनबा! चाक दुरुस्त झालं बग!"

ताप पुन्हा आला नाही. मुदत संपली, गया घरी गेली, चांगली धष्टपुष्ट झाली. साथ ओसरल्यावर ती सासरी आणि मी शाळेला, एकाच गाडीतून निघालो.

बांबूपाशी गया ताठ बसली आणि बापाचाच सूर काढून म्हणाली, "नाकेदारसाहेब, ऐका. जाते."

मामांचा हात बांबूवर होता. बांबू काही वर होईना.

"आसं न्हाई म्हनू, माय."

"मंग काय म्हनू?"

"तुला ठावं हाय."

गया हसली. "येते, आबा."

बांबू वर गेला. गाडी ओढ्यात उतरली, तेव्हा मागून मामांचा सवाल आला. नेहमीचाच, सरकारी. पण इतका हळू, की बैलांच्या घुंगरांत मला जेमतेम ऐकू आला.

"कवा?"