निगुडकरांची वही

निगुडकर आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले आणि आल्या आल्या म्हणाले, "एक स्टूल द्या आणि मला विसरून जा. मैं हूँ ही नहीं, असं समजा." मग दाराआड स्टूल टाकून, मांडीवर वही उघडून बसले. हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही.

माझा प्रबंध त्याच दिवशी पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा होता. दोन वेळा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आणि छापायला घेतलं की कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. तोही फक्त नानाखेड्याच्या आमच्या घरात! टावर चौकातल्या दुकानात नेला की दिवसभर सुतासारखा सरळ. दुकानदाराने घरी माणूस पाठवला. तो दोन तास बसला, पोहे खाल्ले, काहीच बिघडलं नाही. "मॅडम, वहम है आपका," म्हणून गेला. नवराही माझ्याकडे काळजीने बघायला लागला होता. खरं सांगते, माझाच माझ्यावरचा विश्वास उडत चालला होता.

निगुडकरांना फ्रीगंजात सगळे 'जासूस' म्हणत. पन्नाशीचा माणूस, खिशात तीन टेस्टर, आणि एकच हट्ट: बिघाड जिथे होतो तिथेच बघायचा. "दुकानात ठीक चालतं" हे वाक्य ऐकलं की ते भडकत. "दुकानात राहायचंय का त्याला?"

सासूबाई पूजेला बसल्या आणि मी छापायला सुरुवात केली. प्रिंटर करकरत होता, कागद सरकत होते. निगुडकर लिहीत होते. मी वाकून पाहिलं. '१०.०५ – आजींची पूजा, घंटी. मशीन ठीक. १०.२० – कुकर, तीन शिट्ट्या. मशीन ठीक. मॅडम खुर्चीत फार हलतात.'

साठ पानं झाली. मी देवाला विनवत होते की बंद पडू नको, आणि हे गृहस्थ तो बंद पडायची वाट बघत होते.

"चाललंय ना, मग राहू द्या की," मी चिडून म्हटलं.

"मी गेलो की बंद पडेल," ते शांतपणे म्हणाले. "आजी चार वेळा परसात जाऊन परत आल्या. रोजचं काहीतरी अडलंय त्यांचं."

सासूबाई ओशाळल्या. निगुडकरांनी हात जोडले. "आजी, मी नगर निगमचा नाही. जे थांबवलंय ते बेधडक करा."

सासूबाईंनी नळाजवळचं पालथं घमेलं उचललं. खाली नळाचं पाणी ओढणारा टुल्लू पंप होता. नळाला पंप लावला की दंड होतो, म्हणून परका माणूस घरात असला की तो चालवायचा नाही, असा आमच्या घरचा नियम. एक दिवसाआड पाणी येतं, आणि नेमकी तेव्हाच मी छापायला बसायचे. सासूबाईंनी बटण दाबलं. बल्ब मंदावला आणि कॉम्प्युटर बंद. मी किंचाळले, निगुडकरांनी टाळी वाजवली.

पंप आणि कॉम्प्युटर एकाच वायरवर होते. त्यांनी मीटरपासून वेगळी वायर ओढली. पंप घरघरत होता तरी कॉम्प्युटर हलला नाही.

चारला शेवटचं पान निघालं. निगुडकरांनी सहीसाठी वही पुढे केली. मी ती घाईत घेतली, पानं भलतीकडेच उलटली. सुरुवातीच्या पानांवर मशीन नव्हतंच. '७.१० – चहा. सुमन ठीक. ८.०० – फुलं तोडली. सुमन ठीक.'

"मिसेस," ते म्हणाले. "फिट यायची. फक्त घरी. इंदूरला आठ दिवस दवाखान्यात ठेवली, एकदाही आली नाही. डॉक्टर म्हणाले, नाटक करते. मग मी लिहायला लागलो, त्यांना दाखवायला. पण उशीर झाला, ती गेली."

मला रडू आवरेना. "तुम्ही तरी विश्वास ठेवला ना त्यांच्यावर," मी म्हटलं.

ते प्रबंधाची पानं सारखी करत राहिले. "इंदूरहून येताना बसमध्ये मीही विचारलं होतं, खरंच होतं ना गं तुला? त्यानंतर तिने मला कधी सांगितलंच नाही."

मग वही पिशवीत टाकून ते उठले. "चला मॅडम, पाच वाजतील. स्कूटरवर सोडतो."