उर्वशीचा डोळा आणि सरकारी शिक्का

रविवारी सकाळी उर्वशीचा उजवा डोळा उघडलाच नाही. पद्मावतीने आधी शेजारच्या दत्तारामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मगच चूल पेटवली.

उर्वशी म्हणजे पद्मावतीचं बदक. पांढरंशुभ्र, आणि चालताना मागचा भाग असा हलवायचं की दुसरं नाव सुचलंच नसतं. तोंडवलीत तीस वर्षं मासे विकून पद्मावतीने दोन पोरींची लग्नं लावली, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि आता घरात भांडायला तिला हे एक बदक तेवढं उरलं होतं.

दत्ताराम ग्रामपंचायतीत मेंबर होता, आणि त्याने घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या होत्या. पर्यटकांना पाय बुडवायला घरांमागच्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी स्वच्छ हवं, म्हणून दिवाळीत त्याने व्हाळाला काट्यांचं कुंपण घातलं. तेव्हापासून उर्वशीच्या नशिबी ताटलीतलं पाणी आलं. त्यात चोच भिजायची, डोकं भिजायचं नाही. आधी डोळ्याला फेस आला, मग चिकटा आला, मग पिसांत उवा झाल्या. पद्मावतीने खोबरेल चोळलं. उवा मेल्या नाहीत, नुसत्या चकचकीत झाल्या. त्यातल्या दहा-वीस पद्मावतीच्या अंगावर राहायला आल्या.

नेमका या महिन्यात वर नंदुरबाराकडे कोंबड्यांना रोग आला. टीव्हीवर पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरताना दिसू लागली. गावात कोणी शिंकलं तरी लोक आधी खुराड्याकडे बघायचे. दत्तारामाने कुंपणावरून मान लांब केली.

"काकी, डोळो बघितलंस तिचो? तोच रोग ह्यो. उद्या तालुक्याची माणसां येतली, तेंच्या ताब्यात देऊन टाक. माझी पुण्याची गिऱ्हायकां उद्याच येतत."

"देवचंय नाय."

"पंचायतीचो ठराव आसा. आजारी पक्षी घरात ठेवूचो नाय."

"तुझ्या बापाशीक दमो होतो," पद्मावती म्हणाली. "तेका ठेवललंस मां घरात?"

दत्ताराम ठराव घेऊनच यायचा धाक घालून गेला. पद्मावतीने एसटीडी बूथवरून मालवणच्या गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, आज सुट्टी, डॉक्टर कुणकेश्वरच्या जत्रेत ड्युटीवर, कोंबड्यांच्या रोगासाठी तिथे तपासणी उघडली आहे. उर्वशीला रोग नाही असं सरकारी माणसाने कागदावर लिहून दिलं तरच उद्या ती वाचणार होती. पद्मावतीने तिला उचललं, मासळीच्या टोपलीत बसवलं, वर ओलं फडकं टाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि जत्रेची जादा एसटी पकडली. तीस वर्षं ती घराबाहेर पडली ती अशीच, त्यामुळे आपण काय करतोय हे तिला बसमध्ये बसेपर्यंत कळलं नाही.

कळलं ते कंडक्टरमुळे. "काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "आज म्हाशिवरात. आणि तुम्ही मासळी घेऊन?"

सगळी बस उपाशी होती. साठ माणसं पांढऱ्या फुलांच्या पुड्या मांडीवर घेऊन पद्मावतीच्या टोपलीकडे वळून बघत होती. पद्मावतीने पटकन हिशेब केला. मासळी म्हटलं तर पाप. बदक म्हटलं तर रोग. पाप करणाऱ्याला लोक गाडीतून उतरवत नाहीत, नुसत्या शिव्या देतात. तिने पाप पत्करलं.

"मासळीच आसा," ती म्हणाली. "कोणाचा काय म्हणणा आसा?"

सगळ्यांचंच म्हणणं होतं. पुढच्या सीटवरच्या एका बाईने तर भर उपासात देवाच्या दारात मासळी नेणाऱ्यांचं पुढच्या जन्मी काय होतं ते तपशिलाने सांगितलं. पद्मावतीने तिला पुरतं बोलू दिलं.

"बाय, देवळाच्या पायरेर समुद्र आपटता, ठावक आसा मां? त्यात काय साबुदाणो पवता?"

इतक्यात टोपलीतून उर्वशी ओरडली. पद्मावती म्हणाली, कुर्ल्या आहेत, जिवंत खेकडे. मागून एक म्हातारा म्हणाला की साठ वर्षं कुर्ल्या खातोय, पण बोलणारी कुर्ली आजवर भेटली नाही. तुमच्यासारख्याने पाय दिला की बोलतात, असं पद्मावतीने त्याला ऐकवलं. कंडक्टर मात्र फडकं उचलायला धजला नाही. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायच्या आधी मासेवालीच्या टोपलीला परक्याने हात लावायचा नसतो, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मिठबावच्या पुढे उवांनी प्रवास सुरू केला. आधी शेजारची बाई खाजवायला लागली, मग तिची जाऊ, मग कंडक्टर तिकिटांच्या पेटीने पाठ घासू लागला. मासळीला खेटून बसल्याचा हा कोप आहे, असं बसमध्ये एकमताने ठरलं. जत्रेच्या फाटकावर गाडी थांबली तेव्हा साठ माणसं खाजवत खाजवत खाली उतरली आणि तिथल्या हवालदाराभोवती गोळा झाली.

हवालदाराने टोपलीकडे बघितलं. फडकं त्यानेही उचललं नाही. तो देवगडचाच होता. त्याने वहीत शाईने लिहून घेतलं, "एक टोपली जिवंत मासळी, मालकीण तोंडवलीची, उर्मट." आणि त्याने पद्मावतीला धरून बंदोबस्ताच्या तंबूत नेलं.

तंबूत एका टेबलाशी गुरांचा डॉक्टर बसला होता. घाटावरचा तरुण मुलगा. सकाळपासून त्याच्याकडे एकही कोंबडी आली नव्हती. ज्यांच्या घरी आजारी कोंबडी होती त्यांनी ती रोगाच्या भीतीने कधीच कापून सागोतीच्या रश्श्यात घातली होती. पद्मावतीने फडकं उचललं तसा तो उठून उभाच राहिला.

"मावशी, हे तर बदक आहे."

"माका म्हायत आसा. पोलिसांका नाय."

डॉक्टरने उर्वशीला मांडीवर घेतलं, पंख उलगडून बघितले, ताप बघितला. तुमच्याकडे किंवा आसपास एखादा पक्षी मेला का, ही खाते-पिते का, हे त्याने चारदा विचारलं. मग कोमट मिठाच्या पाण्याने डोळा धुतला आणि नाकपुडीत त्याच पाण्याचे दोन थेंब सोडले. उर्वशी अशी शिंकली की नाकातून एक बारीक जळू सुटून हवालदाराच्या वहीवर पडली. डोळा अर्धा उघडला. तिने त्या अर्ध्या डोळ्याने आधी हवालदाराला बघून घेतलं.

"तो रोग नाही," डॉक्टर म्हणाला. "बदकाला डोकं बुडवून डोळे धुवायला खोल पाणी लागतं. ते मिळालं नाही की असं होतं. उवांना पावडर देतो, डोळ्यांपासून लांब लावा. जंताचं औषध पण घाला. पण औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं."

"तांच लिवन द्या."

डॉक्टरने पेन उघडलं आणि थांबला. बदक लिहून पुढे डोळा सुजला असं लिहिलं, तर वरचा हुकूम असा होता की आधी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत फोन, मग झगेवाली माणसं, मग चौकशी. चौकशी होईपर्यंत चौकशी करण्यासारखं काही उरत नाही, हे त्याने दोन गावांत बघितलं होतं. शिवाय हवालदार मध्येच म्हणाला की वहीत मासळी पडलीय, शाईने, त्याला ती खोडता येणार नाही. कागदावर बदक आलं तर टोपलीतली मासळी गेली कुठे, ते त्याला वरच्या साहेबाला सांगावं लागेल. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पद्मावतीने दोघांकडे बघितलं.

"लिवा मासळी," ती म्हणाली. "माझी काय हरकत नाय."

सोमवारी सकाळी पद्मावतीने कोयता घेतला आणि व्हाळाचं कुंपण तोडायला काढलं. दत्ताराम ठराव हातात घेऊन धावत आला. तिने त्याच्या ठरावावर आपला कागद ठेवला. कागदावर गोल निळा शिक्का होता आणि लिहिलं होतं: सदर मासळी तपासली, रोग आढळला नाही. तिला डोके बुडेल इतके पाणी रोज मिळावे, ग्रामपंचायतीने सहकार्य करावे.

दत्तारामाने कागद दोनदा वाचला. "काकी, ही मासळी खंयची?"

"बघ मां समोर."

उर्वशी तोवर व्हाळात पोचली होती. तिने डोकं पाण्यात खुपसलं, वर काढलं, झटकलं, पुन्हा खुपसलं. चार महिन्यांची तहान त्या डोळ्यांना होती. दत्ताराम काही बोलणार तोच दोन गाड्या एकदम येऊन थांबल्या. एकीतून पुण्याची आठ माणसं उतरली. दुसरीतून तालुक्याचा साहेब उतरला, हातात पोतं घेऊन.

पोतं बघून पुण्याची माणसं पुन्हा गाडीच्या दारापाशी सरकली. "इथे काही साथ वगैरे आहे का हो?" एकाने विचारलं.

साहेबाने कागद काढला. "मेंबर तुम्हीच ना? या वाडीत आजारी पक्षी आहे म्हणून तुम्हीच कळवलंत. कुठे आहे?"

पद्मावती कोयत्यावर हात टेकून उभी राहिली. दत्तारामाने साहेबाकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, मग उघड्या दारात एक पाय घालून उभ्या असलेल्या आठ गिऱ्हायकांकडे बघितलं.

"पक्षी नाहीच, साहेब," तो म्हणाला. "माझी चूक झाली. मासळी आहे."

"मग ते व्हाळात काय आहे?"

"तीच." दत्तारामाने निळ्या शिक्क्याचा कागद साहेबापुढे धरला. त्याचा आवाज खणखणीत होता. "पाण्यात आहे ना? सरकारने तपासलेली आहे. शिक्का बघा."

साहेबाने शिक्का बघितला. मग व्हाळ बघितला. तिथे त्या क्षणी फक्त शेपूट वर होतं. सोमवार होता, ऊन चढत होतं, आणि साहेबाला अजून सात गावं करायची होती. त्याने आजारी पक्ष्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पोतं घडी करून काखेत धरलं. पुण्याच्या माणसांनी सामान उतरवायला घेतलं. त्यातल्या एकीने कॅमेरा काढला.

"बघतंस काय, दत्ता," पद्मावती म्हणाली. "सायबांका चाय व्हयी. तुझ्या घराकडसून दूध हाड. आणि येताना त्या कुंपणाच्या काट्यो उचलून घेऊन ये. माझ्या चुलीक लाकडां नाय."